विंडसर्फिंगमध्ये टॅक कसा शिकायचा: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात कोकणात किंवा गोव्यात जाऊन शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहायला शिकलेली कोल्हापूरची माणसं आता मला अधूनमधून भेटतात. उभं राहणं जमलं, सरळ जाणं जमलं, की सगळ्यांचा प्रश्न एकाच जागी अडतो: वळायचं कसं आणि परत यायचं कसं? पेठेतल्या पोरांपासून बँकेतून निवृत्त झालेल्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं मी स्वतः शिकताना आणि नंतर दुसऱ्यांना शिकवताना जे कळलं त्यातून दिली आहेत.

टॅक म्हणजे नेमकं काय?

बोर्डाचं नाक वाऱ्याच्या तोंडातून फिरवून दुसऱ्या बाजूला नेणं म्हणजे टॅक. वळायच्या आधी वारा तुमच्या एका खांद्यावरून येत असतो, वळल्यावर दुसऱ्या. शीड पलीकडच्या बाजूला जातं आणि तुम्ही मास्टच्या पुढून फिरून नव्या बाजूला येता. मास्ट म्हणजे डोलकाठी. शिकवणारे सगळे मास्टच म्हणतात, म्हणून इथं तोच शब्द ठेवला आहे.

वळायची दुसरी रीत आहे जाइब. तिच्यात बोर्डाचं शेपूट वाऱ्यातून जातं, नाक वाऱ्यापासून लांब फिरतं.

वाऱ्याच्या दिशेनं सरळच का जाता येत नाही?

गगनबावड्याचा घाट डोळ्यासमोर आणा. खालून वर यायचं असतं, पण रस्ता कड्यावर सरळ चढत नाही. तो आधी डावीकडं तिरका जातो, वळण घेतो, मग उजवीकडं तिरका जातो, पुन्हा वळण. पाण्यावर वारा हा तसा चढ आहे. वारा जिथून येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा असा असतो की तिथं शीड नुसतं फडफडतं, ओढ देत नाही. म्हणून वाऱ्याकडं जायचं तर तिरकं जायचं, आणि घाटाचं प्रत्येक वळण म्हणजे एक टॅक.

वाऱ्याच्या दिशेला १ किलोमीटर वर असलेल्या ठिकाणी जायला ४५ अंशांत तिरकं गेलात तर सुमारे १.४ किलोमीटर अंतर कापावं लागतं. नवशिक्याला एवढं चढून जाता येत नाही, तो ६० अंशांच्या आसपास जातो. मग तेच अंतर २ किलोमीटर होतं. शिवाय टॅक फसला की प्रत्येक वेळी वारा तुम्हाला थोडं खाली ढकलतो, आणि दहा मिनिटं कष्टानं चढलेलं एका पडण्यात जातं. वळण स्वच्छ असेल तर हे टळतं.

आधी टॅक शिकायचा की जाइब?

टॅक. त्यात माझं मत ठाम आहे, आणि त्याला कारण आहे.

किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी मी पहिल्यांदा शिकायला गेलो, तेव्हा शिकवणाऱ्यानं शीड कसं उचलायचं आणि पुढं कसं जायचं तेवढं सांगितलं. वळायचं नंतर बघू म्हणाला. मी गेलो, मस्त गेलो, आणि मागं वळून बघितलं तर किनाऱ्यावरची माणसं बोटाएवढी दिसत होती. बोर्ड फिरवायचा प्रयत्न केला की पडायचो, आणि प्रत्येक पडण्यात आणखी खाली जायचो. शेवटी मासेमारीची एक होडी जवळ आली आणि त्यांनी दोर लावून मला ओढत आणलं. त्या होडीतल्या आजोबांनी एवढंच विचारलं, "परत यायचं शिकिवलं न्हाई व्हय?" तो प्रश्न मी विसरलेलो नाही. ज्याला टॅक येत नाही त्याला पाण्यावर लांब सोडू नये, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

जाइब करताना तुम्ही आणखी वाऱ्याच्या खाली जाता. टॅकमध्ये उलट, नीट झाला तर थोडं वर चढता. नवशिक्याला घरी आणणारं वळण हेच.

बोर्डाला सुकाणू नाही, मग तो वळतो कसा?

शीडच सुकाणू. मास्ट बोर्डाला एका लवचिक सांध्यानं जोडलेला असतो, त्यामुळं तो कुठल्याही दिशेला झुकवता येतो. मास्ट मागं, शेपटाकडं झुकवला की वाऱ्याचा जोर बोर्डाच्या मागच्या भागावर पडतो. शेपूट वाऱ्याच्या खाली ढकललं जातं आणि नाक वाऱ्याकडं फिरतं. मास्ट पुढं, नाकाकडं झुकवला की उलट होतं, नाक वाऱ्यापासून लांब जातं. बोर्डाच्या पोटातून खाली सोडलेली मधली फळी, म्हणजे डॅगरबोर्ड, पाण्यात खुंट्यासारखी असते आणि बोर्ड तिच्याभोवती फिरतो. म्हणून टॅक शिकताना डॅगरबोर्ड पूर्ण खाली हवा. वर ओढलेला राहिला तर बोर्ड वळायच्या ऐवजी आडवा घसरत जातो.

सगळा टॅक या दोन हालचालींत बसतो: आधी मास्ट मागं, मग मास्ट पुढं. मधे पायांनी बाजू बदलायची.

टॅक शिकायच्या आधी काय काय यायला हवं?

दोरानं ओढून शीड पाण्यातून उचलणं, बोर्डाच्या मधोमध न डगमगता उभं राहणं, आणि वाऱ्याला आडवं ५०-६० मीटर जाणं. त्याबरोबर एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते: वारा कुठून येतोय हे डोळे मिटून सांगता येणं. कानावर, मानेवर, गालावर तो कळतो. टॅकच्या मधे ज्याला वारा कुठं आहे ते कळत नाही, त्याला पाय कधी हलवायचे तेही कळत नाही.

टॅक क्रमानं सांगाल का?

समजा तुम्ही डावीकडं चालला आहात. वारा पाठीवर, डावा हात आणि डावा पाय पुढं.

वेग असतानाच सुरू करा. बोर्ड थांबायला आला असेल तर टॅक करू नका, आधी थोडं पुढं जाऊन वेग घ्या. डाव्या खांद्यावरून वाऱ्याकडं बघा, मागं कुणी येत नाही ना ते पाहा आणि वळल्यावर कुठं जायचंय ती खूण डोळ्यांनी पकडा, एखादा माड, एखादी होडी.

आता डावा हात बूमवरून सोडून मास्टवर घ्या, बूमच्या जरा खाली. बूम म्हणजे शिडाला धरायची आडवी दांडी. डावा पाय मास्टच्या पुढं ठेवा, चवडा मास्टभोवती वळलेला. वजन अजून मागच्या पायावरच राहू द्या. उजव्या हातानं शीड मागं झुकवत न्या, इतकं मागं की त्याचं मागचं टोक पाण्याला लागायला येईल आणि बोर्डाच्या शेपटावरून पलीकडं जाईल. इथं घाई करायची नाही. बोर्ड फिरतोय तो फिरू द्या. नाक वाऱ्याकडं येत जाईल आणि हातातली ओढ कमी कमी होत जाईल.

मग एक क्षण येतो, शीड अचानक हलकं होतं. धरलेली गाय दावं ओढायची थांबते तसं. तो क्षण म्हणजे नाक वाऱ्याच्या तोंडात आलं. तेव्हाच पाय हलवायचे, आधीही नाही आणि नंतरही नाही. उजवा पाय मास्टच्या पुढं, डाव्याच्या शेजारी आणा. तोंड शेपटाकडं होईल. उजव्या हातानं पलीकडून मास्ट किंवा बूमचं पुढचं टोक धरा, डावा पाय नव्या बाजूनं मागं न्या. आता उजवा हात पुढचा हात झाला.

शेवटची गोष्ट पहिल्या सगळ्यांइतकीच महत्त्वाची आहे: मास्ट नाकाकडं पुढं झुकवा, अंगाच्या समोरून आडवा नेत. मग डावा हात बूमवर ठेवा आणि शीड हळूहळू आत घ्या, दार लोटून घेतल्यासारखं. बोर्ड वाऱ्यापासून लांब फिरेल आणि चालायला लागेल.

पहिल्याच दिवशी हे सगळं जमत नाही. सोपा प्रकार आहे का?

आहे. शीड उचलायचा दोर दोन्ही हातांत धरा आणि शीड मोकळं फडफडू द्या. ते वाऱ्याच्या खालच्या बाजूला आपोआप राहतं. मग मास्ट हळूहळू शेपटाच्या दिशेला झुकवा. बोर्डाचं नाक वाऱ्याकडं फिरायला लागेल. तुम्ही मास्टला चिकटून, बारीक बारीक पावलं टाकत मास्टच्या पुढून फिरायचं. शीड आणि तुम्ही जवळजवळ जागेवर राहता, तुमच्या पायाखाली बोर्ड फिरतो. बोर्ड पुरा फिरला की बूम धरून निघायचं. याला वेळ लागतो आणि तेवढ्यात वारा थोडं खाली नेतो, पण पाण्यात न पडता परत फिरता येतं. पहिले दोन दिवस फक्त हेच करा.

कोल्हापुरात घरी सराव करता येतो का?

येतो, आणि तोच करा म्हणून मी लोकांच्या मागं लागतो. किनाऱ्यावरच्या दोन दिवसांत पाण्यावरचा वेळ फार थोडा मिळतो. त्यातला निम्मा वेळ "आता कुठला पाय?" या विचारात घालवू नका.

माझ्या धाकट्या भावानं आणि मी आमच्या गच्चीवर खडूनं बोर्ड काढला होता, अडीच मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद, एका टोकाला नाक. मधे वाळूनं भरलेल्या बादलीत वेळू उभा केला. तो मास्ट. वेळूला छातीच्या उंचीवर एक आडवी काठी बांधली, ती बूम. उन्हाळा होता, आईनं गच्चीच्या एका कडेला कुरडया वाळत घातलेल्या, त्यामुळं खडूची रेघ ओलांडून बाहेर पाऊल पडलं की आई ओरडायची. बोर्डावरून पाय घसरण्याची ती शिक्षा पाण्याइतकीच उपयोगी पडली. भाऊ वेळू धरून उभा राहायचा, "आता हलकं झालं" म्हणायचा, आणि मी पावलं बदलायचो. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की गच्चीच्या कठड्याला बांधलेली चिंधी बघून खडूचा बोर्ड वाऱ्याच्या हिशेबानं काढायचो, म्हणजे वारा पाठीवर लागायचा.

दहा दिवस रोज वीस वेळा डावीकडून आणि वीस वेळा उजवीकडून. एक आठवड्यानंतर मी पायांकडं बघायचं बंद केलं. मग डोळे मिटून केलं. पुढच्या वेळी पाण्यावर गेलो तेव्हा पाय आपोआप गेले आणि डोक्याला वाऱ्याकडं बघायला सवड मिळाली.

ज्यांनी मर्दानी खेळातले पवित्रे शिकले आहेत त्यांना हे दोन दिवसांत जमतं, हे मी पाहिलं आहे. वजन कुठल्या पायावर आहे ते कळून पाऊल उचलायचं, पाऊल उंच न उचलता सरकवायचं, नजर खाली न नेता समोर ठेवायची, हे त्यांच्या अंगात आधीच असतं.

मी नेमका मधेच, मास्टच्या पुढं असताना पडतो. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे, आणि कारणं वेगवेगळी असतात. तुम्ही कसे पडता ते आठवा.

वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शिडावरच तोंडघशी पडत असाल तर तुम्ही लवकर निघालात. नाक अजून वाऱ्यात आलेलं नव्हतं, शिडात ओढ होती आणि तुम्ही हात सोडलात. शीड आणखी मागं न्या, आणखी वाट बघा. मागं न्यायला पुरेसं नेलं असं वाटतं तेव्हा ते साधारण निम्मंच गेलेलं असतं.

पाठीवर पडत असाल तर उशीर झाला. बोर्ड फिरून गेला, वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला लागला आणि त्यानं शीड तुमच्या अंगावर लोटलं. किंवा तुम्ही मास्टच्या पुढं उभे राहिलात. मास्टच्या पुढची जागा थांबायची नाही. उंबऱ्यावर उभं राहू नये म्हणतात तसं: या बाजूला राहा किंवा त्या बाजूला या, मधे फक्त ओलांडा.

बोर्डाचं नाक बुडतं आणि तुम्ही कलंडता, असं होत असेल तर पावलं फार मोठी पडतायत. मास्टच्या खालच्या सांध्याला पाय घासले पाहिजेत इतकं जवळून फिरायचं. एक वीतभर पुढं गेलात तरी नवशिक्याचा मोठा बोर्ड सहन करतो, हातभर गेलात तर नाही.

आणि कसंही पडत असाल तरी एक गोष्ट तपासा: नजर. पायांकडं बघणारा माणूस कमरेत वाकतो, वाकला की बूड मागं जातं, बूड मागं गेलं की वजन बोर्डाच्या कडेवर जातं. मला एकदा शिकवणाऱ्या एका बाईंनी सांगितलं होतं, "बोर्ड कुठं जाणार नाही, तो पायाखालीच आहे. तुम्ही कुठं जाणार तिकडं बघा." त्या दिवशी सलग सहा टॅक झाले.

पलीकडं जातो, पण बोर्ड परत वाऱ्याकडं तोंड करून थांबतो.

मास्ट पुढं नेला नाही, दुसरं काही नाही. नव्या बाजूला आल्यावर माणूस घाबरून शीड स्वतःकडं ओढतो, मास्ट सरळ किंवा मागंच राहतो, आणि बोर्डाला पुन्हा वाऱ्याकडं वळायची आज्ञा मिळते. आधी मास्ट पुढं, मग मागचा हात बूमवर. हा क्रम उलटा करू नका.

एका बाजूनं टॅक येतो, दुसऱ्या बाजूनं अजिबात नाही.

सगळ्यांचंच तसं असतं. आपण उजव्या हाताचे असतो, पाय मारायचा उजवा असतो. कच्च्या बाजूनं दुप्पट सराव करा, गच्चीवर तर करायलाच हवा. पक्क्या बाजूनं करून मन खूश करू नका, परत यायला दोन्ही बाजू लागतात.

ताकद लागते का? मी तालमीत जातो.

ताकदीपेक्षा अंगाचं वजन कामाला येतं. तालमीतला माझा एक मित्र, दंड माझ्या मांडीएवढे, पहिल्या तासात माझ्याआधी थकला, कारण तो शीड हातांनी ओढत होता. हात सरळ ठेवायचे, कंबर शिडाजवळ, आणि ओढ वाढली की सगळं अंग मागं झुकवायचं. शीड पाण्यातून उचलतानाही पाठीनं ओढू नका, बैठक मारल्यासारखं पायांनी उठा, पाठ ताठ. त्याला हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तो आमच्यात सगळ्यात जास्त वेळ टिकला. कुस्तीत जोर कुठं लावायचा नाही हे त्याला आधीच माहीत होतं, फक्त इथं कुणी सांगितलं नव्हतं.

किती वाऱ्यात शिकावं? वारा ओळखायचा कसा?

६ ते १० नॉट, म्हणजे ताशी साधारण ११ ते १८ किलोमीटर. याहून कमी असेल तर शिडात ओढ येत नाही आणि बोर्ड डगमगतो. जास्त असेल तर शिकण्यापेक्षा पडणं जास्त होतं.

मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं. चेहऱ्यावर वारा कळतो, झाडाची पानं सळसळतात, म्हणजे ४ ते ६ नॉट. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात, हलका झेंडा ताणून फडकतो, म्हणजे ७ ते १०. पाण्यावर जागोजागी पांढरे फेस दिसायला लागले की वारा त्याच्याही पुढं चालला आहे आणि टॅकच्या पहिल्या दिवसासाठी तो नको.

याचा सराव कोल्हापुरात रोज करता येतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर कुठं झुकतोय, उसाच्या फडावरून वारा जाताना पात्यांची लाट कशी पुढं पळते, हे बघत चला. संध्याकाळी रंकाळ्यावर चौपाटीच्या कठड्यावर बसा आणि पाण्याकडं बघा. वाऱ्याचा झोत येतो तेव्हा पाण्याचा एक पट्टा गडद होतो आणि तो सरकत येतो. तो तुमच्यापर्यंत पोचायच्या आत "आला" म्हणा. पाण्यावर तोच झोत शिडावर आदळायच्या आधी ओळखता यायला हवा.

मग रंकाळ्यातच का करायचं नाही?

वारा वाचायला रंकाळा उत्तम, बोर्ड घेऊन उतरायला नाही. परवानगीशिवाय तिथं कुठलंही साधन घेऊन उतरू नये. दुसरं, केंदाळ, म्हणजे जलपर्णी. बोर्डाच्या शेपटाखालचं फिन आणि डॅगरबोर्ड त्यात अडकतात आणि बोर्ड जागेवर थांबतो, माणूस पुढं जातो. कळंब्याचा तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, तिथं विचारही करू नये. राधानगरीसारख्या धरणाच्या पाण्यात डोंगरावरून येणारा वारा क्षणात दिशा बदलतो, काठ चढे आहेत आणि मदतीला कुणी नसतं. नवशिक्यानं तिकडं जाऊ नये.

मग जायचं कुठं आणि कधी?

गगनबावड्यामार्गे मालवणचा किनारा दिवसाभरात गाठता येतो, गोवा त्याच्या थोडं पुढं. गोव्यात करंझाळे-दोना पावला भागात शिडाच्या खेळांची जुनी वहिवाट आहे आणि राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही तिथंच आहे. निघायच्या आधी फोन करून नेमकं विचारा: विंडसर्फिंगचा बोर्ड आहे का, शिकवणारा आहे का, मदतीची होडी आहे का? "वॉटर स्पोर्ट्स" अशी पाटी असलेल्या बऱ्याच ठिकाणी जेट स्की आणि केळ्याच्या आकाराची बोट एवढंच असतं.

हंगाम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावरचे पाण्याचे खेळ बंद असतात.

दिवसाची वेळ निवडताना शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. पहाटे आणि सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडं वाहतो. पाणी सपाट, शांत दिसतं, आणि तोच वारा नवशिक्याला गुपचूप आत घेऊन जातो. दुपारी जमीन तापली की खारा वारा समुद्रावरून किनाऱ्याकडं येतो. त्यात लाटा थोड्या त्रास देतात, पण वळता नाही आलं तरी तुम्ही किनाऱ्याकडंच ढकलले जाता. शिकायची वेळ ती.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर डोंगराच्या बाजूला काळे ढग चढताना दिसले तर शीड गुंडाळा. वळवाचा वारा आधी येतो, पाऊस मागून, आणि विजेच्या गडगडाटात पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमचा मास्ट असतो.

बोर्ड आणि शीड किती मोठं घ्यावं?

विकत तर अजिबात घेऊ नका, शिकायच्या ठिकाणचं वापरा. मागताना मोठ्या माणसानं २०० लिटरच्या आसपासचा रुंद, डॅगरबोर्ड असलेला बोर्ड मागावा, आणि ४ ते ५ चौरस मीटरचं शीड. अंग हलकं असेल तर त्याहून लहान. मोठं शीड लवकर शिकवतं हा गैरसमज आहे. टॅकमध्ये ते फक्त जड लागतं.

मला पंचगंगेत पोहता येतं. लाइफ जॅकेट कशाला?

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले आपण, पोहण्याचा अभिमान असतोच. पण बोर्डावरून एका तासात तीस वेळा पडल्यावर, खारं पाणी नाकात गेल्यावर आणि हात दुखत असताना पोहणं वेगळं. जॅकेट घालाच. पायात पातळ तळव्याचे पाण्याचे बूट घाला, खडक आणि कालवं पाय कापतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, उन्हासाठी.

शीड अंगावर पडलं तर?

पडताना हात डोक्यावर धरा, मास्ट किंवा बूम डोक्यावर येऊ नये म्हणून. शक्य असेल तर पाठीवर पडा, पायावर उडी मारू नका, पाणी उथळ असू शकतं. शिडाखाली आलात तर एक हात वर करून कापड उचला, खाली हवा मिळते. मग मास्टच्या किंवा बूमच्या कडेनं सरकत बाहेर या. शांतपणे केलं तर पाच सेकंदांचं काम आहे. हे गुडघाभर पाण्यात शिकवणाऱ्याला उभं करून एकदा मुद्दाम करून बघा, म्हणजे भीती जाते.

बायका, मुलं, पन्नाशीच्या पुढचे शिकू शकतात का?

हो. मुलांना लहान शीड हवं. टॅकमध्ये मी शिकवलेल्यांपैकी सगळ्यात लवकर पाय बसले ते एका ५४ वर्षांच्या बाईंचे. झिम्मा-फुगडी आयुष्यभर खेळल्या होत्या.

हा खेळ किती जुना आहे? भारतात कुणी खेळतं का?

१९६४ साली अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी शीड लावलेला बोर्ड बनवला. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वायत्झर यांनी लवचिक सांध्याच्या बोर्डासाठी १९६८ मध्ये पेटंटचा अर्ज केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोनात महिलांसाठी हा खेळ आला. भारताच्या इबाद अलीनं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, आरएस:एक्स या नावाच्या विंडसर्फिंग बोर्डाच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. मी ती बातमी गच्चीवरच्या पोरांना वाचून दाखवली होती.

टॅक यायला किती दिवस लागतात?

दोर धरून करायचा टॅक पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी येतो. बूम धरून, वेगात, न पडता करायला मला पाण्यावरचे सहा दिवस लागले, गच्ची सोडून. घाई करणाऱ्यांना जास्त लागतात.

एवढं करूनही टॅक फसत राहिला आणि किनारा लांब राहिला तर?

बोर्ड सोडू नका. पोहत किनारा गाठायचा मोह होईल, पण बोर्ड तरंगतो, लांबून दिसतो, आणि माणसाचं एकटं डोकं लाटांत दिसत नाही. आधी दोर धरून करायचा सोपा टॅक एकदा शांतपणे करून बघा. दमला असाल तर बोर्डावर बसून दोन मिनिटं श्वास घ्या. तरी नाही जमलं तर शीड बोर्डाच्या मागच्या भागावर आडवं ठेवा, पोटावर झोपा आणि हातांनी वल्हवत या, वाऱ्याला थोडं तिरकं. तेही होत नसेल तर बोर्डावर बसून दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करा, पुन्हा पुन्हा. मदत हवी असल्याची ही खूण जगभर ओळखतात. किनाऱ्यावर आलेल्या सोबत्यालाही ही खूण पाण्यात उतरायच्या आधीच दाखवून ठेवा, नाहीतर तो तिकडून तुम्हाला हात हलवून टाटा करेल.